एका दिवसाचा खंड

८ जानेवारी

ठमे,

तू फोन उचलत नाहीस आणि बाबांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं दिसेल. पेन नवं आहे, जाड टोकाचं. लगेच त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस.

बातमी अशी की मला नोकरी लागली. आरोग्य केंद्रातली औषधाची खिडकी, जिथे मी निवृत्त होईपर्यंत बसले, ती हल्ली निम्मे दिवस बंदच असायची. माझ्यानंतर आलेल्याने बदली करून घेतली आणि त्याची जागा कुणी भरलीच नाही. शेवटी वरून पत्र निघालं की निवृत्त फार्मासिस्टना कंत्राटावर घ्या. तीन महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, म्हणजे त्या दिवशी आपण सरकारचे कुणी लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी ऑर्डर. नवरा सोडून परत त्याच्याशीच लग्न लावावं तसा प्रकार. डॉक्टरांनी स्वतः निरोप धाडला की बाई, तुम्ही या, नाहीतर खिडकीला कुलूप लावावं लागेल.

तब्येतीचा दाखला लागतो. डोळे तपासायला भिंतीवर अक्षरांचा तोच जुना तक्ता आहे. तो मीच खिळा ठोकून लावला होता आणि नोकरीभर येता-जाता वाचला होता. अगदी खालच्या ओळीपर्यंत पाठ आहे. सिस्टर काठी ठेवायच्या आधीच मी ओळ म्हणून दाखवली. सगळे हसले आणि दाखला मिळाला. तेव्हा लक्षात ठेव, माझे डोळे सरकारला चालतात. फक्त माझ्या लेकीला चालत नाहीत.

वर्ष झालं त्याला, त्या दिवशी तू जावयांसमोर माझ्या हातातून बाबांच्या गोळ्यांची डबी काढून घेतलीस आणि म्हणालीस, "आई, तुला दिसत नाहीये. बाबांच्या गोळ्या तू काढू नकोस." जन्मभर लोकांना औषधं दिली मी, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझा असा पाणउतारा. मीही बोलले, की इतकं वाटतं तर इथे येऊन राहा, नाहीतर येऊच नकोस. रागात बोलले. तू ते धरून बसलीस.

बाबा मजेत आहेत. गोळ्या मीच काढते.

आई


२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, मला लिहायला आता पुष्कळ आहे.

खिडकी उघडली त्या दिवशी रांग पार दरवाज्याबाहेर गेली होती. आधीच्या पोराने कपाटाचा नुसता उकिरडा करून ठेवला होता. मी पहिले दोन दिवस सगळं माझ्या पद्धतीने लावलं. माझी पद्धत तुला आठवत असेल, शाळा सुटली की तू माझ्या मागच्या स्टुलावर येऊन बसायचीस. माणूस उभा करावा तसं कपाट. वरच्या फळीवर डोकं: ताप, डोकेदुखी, झोप. त्याखाली घसा आणि छाती. मग हृदय. मग पोट. पोटाच्या खाली लघवीच्या गोळ्या, आणि तळाला सांधे, पाय, मलमं. कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं पेशंट स्वतःच वाचून दाखवतो, नाहीतर मी विचारते की कशासाठी सांगितलंय, आणि दुखतं त्या उंचीवर माझा हात जातो. बघावंसुद्धा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचा हात अजून तसाच आहे. मी म्हटलं, हात कुठे जाणार.

रांगेत एक निवृत्त कंडक्टर असतात. रांग अडली की मागून ओरडतात, "चला, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे." बायकासुद्धा हसत हसत सरकतात. त्यांच्याही पायाला तुझ्या बाबांसारखी सूज असते, दोघांची गोळी एकच, पाण्याची. सकाळी एक, दुपारी एक. साठलेलं पाणी लघवीवाटे काढून टाकते म्हणून पाण्याची गोळी. कंडक्टर मला म्हणतात, बाई, सगळा जन्म बसमध्ये काढला आणि आता तुमच्या गोळीमुळे दोन स्टॉपसुद्धा बसून जाता येत नाही. आपल्या घरीही तेच. बाबांनी गोळी घेतली की तासाभरात तीन चकरा होतात आणि प्रत्येक वेळी संडासाचं दार धाडकन आपटतं. त्यांना ऐकू येत नाही. मला येतं.

बाबांची गोळी आता मी केंद्रातूनच आणते. त्यांचा केसपेपर तिथेच आहे.

तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून गेली होतीस, तो मी रद्द केला. मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो. ऑपरेशन बिघडल्यावर लोक कुठले थेंब घ्यायला येतात आणि कसे येतात, ते मी त्याच खिडकीतून पाहिलंय. मला भीती वाटते, असं म्हण हवं तर. माझं काम अडत नाही ना, मग झालं.

आई


१२ एप्रिल

ठमे,

नवी ऑर्डर मिळाली. पण हे लोक माणसाला सुखाने काम करू देतील तर शपथ.

परवा माझा खंडाचा दिवस. मी घरी बसून बाबांचे स्वेटर धुतले. आणि नेमका त्याच दिवशी वरचा साहेब तपासणीला येणार म्हणून निरोप आला. सिस्टरने घाबरून माझं सगळं कपाट उपसलं आणि वर्णमालेप्रमाणे लावून ठेवलं. साहेब खूश होऊन गेला. काल मी गेले तर माझा माणूस नाहीसा. डोक्याचं औषध पायाशी आणि पायाचं छातीवर. मी पहिल्याच पेशंटला खोकल्याचं औषध द्यायला हात वर नेला आणि हातात खरजेचं मलम आलं.

मी खिडकी खाली ओढली आणि सगळं परत लावायला घेतलं. सिस्टर पोरगी वाईट नाही, लगेच आली. म्हणाली, बाई, मी डब्यांवरची नावं वाचत जाते, तुम्ही लावत जा, पटकन होईल. मी तिला म्हटलं की तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मी हे डबे लावतेय, माझं मी बघून घेईन. तिचं तोंड एवढंसं झालं. तुझ्यासारखंच झालं, खरं सांगते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. बाहेर लोक खिडकी वाजवत होते. मी एकटीने सगळं लावून काढलं.

या वेळचा पुरवठा नव्या कंपनीचा आहे. हजार-हजार गोळ्यांचे डबे, सगळ्यांना एकच पांढरा कागद, त्यावर निळा पट्टा आणि मुंगीएवढी अक्षरं. पूर्वी कसं, प्रत्येक औषधाचा रंग वेगळा असायचा. खोलीत उजेड कमी आहे, ट्यूबलाइट बदला म्हणून मी अर्ज दिला आहे.

पण आता सगळं जागच्या जागी आहे. डोळ्यांत तेल घालून लावलंय.

आई


२८ एप्रिल

ठमे,

चांगली बातमी ऐक. बाबांच्या चकरा थांबल्या. गेले कितीतरी दिवस दार आपटलं नाही. सकाळी गोळी घेतात आणि खुर्चीत शांत पडून राहतात. मी म्हटलं, नव्या कंपनीची गोळी अंगाला बरी लागलेली दिसते. कंडक्टरांचंही तेच. मागच्या आठवड्यात खिडकीशी आले तेव्हा म्हणाले, बाई, आता शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून जातो. फक्त रांगेत ओरडले नाहीत. मळमळतंय म्हणाले. मी पोटाच्या फळीवरून एक पाकीट काढून दिलं.

बाबांचीही भूक जरा कमी झालीय. ताट पुढे ठेवलं की दोन घास खातात आणि बाजूला सारतात. हवा उष्ण आहे.

परवा मात्र त्यांनी मला चिडवलंच. सकाळी गोळी तळहातावर घेतली, खिडकीशी नेली, उलटीपालटी करून बघितली. घड्याळं दुरुस्त करायची सवय, अजून जात नाही. मग मोठ्याने विचारलं, ही गोळी नवी का गं? मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की आता तुम्हीही लेकीची री ओढा, तेवढंच राहिलं होतं. इतकी ओरडले की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. मग मलाच रडू आलं. बाबांनी गोळी गिळली आणि वर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हाताला मलाही ती जरा गुळगुळीत लागली होती. कंपनी बदलली की असं होतंच.

तू एक ओळ लिहिली असतीस तर बरं वाटलं असतं.

आई


६ मे

ठमे,

बाबांनी नवीनच खूळ काढलंय. म्हणतात, भिंतीला पिवळा रंग कधी दिला? मी म्हटलं, भिंत जन्मापासून पांढरी आहे. तर म्हणतात, नाही, पिवळी आहे, तुझी साडीही पिवळी आहे. मी राखाडी साडी नेसले होते. म्हातारपणी नवऱ्याला बायको हळदीची दिसायला लागली, असं म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. संध्याकाळी म्हणाले की दिव्याभोवती कडं दिसतं. ते तर मलाही दिसतं, वर्षभर दिसतंय, म्हणून का मी आजारी आहे.

पायाची सूज परत आलीय. बोटाने दाबलं की खड्डा राहतो. मला वाटतं, पाणी जास्त पितात. उद्यापासून मोजून देईन.

कंडक्टर या वेळी गोळ्या न्यायला आले नाहीत. लेकाकडे गेले असतील. पाण्याची गोळी घेणाऱ्या आणखी एक आजी चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे बसल्या होत्या. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि घरी पाठवलं. उन्हाचा त्रास, म्हणाले. सगळे उन्हाचाच त्रास म्हणतायत. मीही म्हणते.

झोप नीट लागत नाही. काय राहिलंय ते आठवत नाही, पण काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं. गॅस बंद केला की नाही हे बघायला माणूस परत येतो ना, तसं. काल सुट्टी झाल्यावर मी केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन परत कपाटाशी आले. सगळे डबे आपापल्या जागी होते.

आई


१० मे

ठमे,

आज कंडक्टरांची बायको आली होती. रांगेत उभी राहिली, इतरांसारखीच. नंबर आल्यावर तिने खिडकीतून कागदी पाकिटं आत सरकवली. उरलेल्या गोळ्या. म्हणाली, कुणा गरिबाच्या उपयोगी पडतील, टाकवत नाहीत.

मी विचारलं, कधी गेले? गेल्या शुक्रवारी. खुर्चीत बसल्या बसल्या. नाडी फार मंद झाली होती, डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. मीही तेच म्हटलं, की वय झालं होतं, हाल झाले नाहीत हे चांगलं. ती वळली. मग परत फिरली आणि सहज म्हणाली, "शेवटी शेवटी भ्रमच झाला होता त्यांना. सारखे विचारायचे, भिंती पिवळ्या कुणी केल्या?"

मागचा माणूस कागद पुढे करत होता. मी तो घेतला. त्याला काय दिलं ते आठवत नाही. नाही, आठवतं, मलम दिलं.

ठमे, हृदयाची जी गोळी आहे, ठोके सावरणारी, ती गरजेपेक्षा जास्त पोटात गेली की मळमळतं, अन्न नको होतं, नाडी मंद होते. आणि पिवळं दिसतं. दिव्याभोवती कडं दिसतं. हे मी शिकाऊ नर्सच्या किती तुकड्यांना शिकवलंय. हे मला माहीत आहे. हे मला परवाही माहीत होतं, जेव्हा बाबा भिंतीकडे बघत होते आणि मी हसत होते.

मी आता घरी आलेय. बाबा खुर्चीत आहेत. त्यांच्या मनगटावर बोटं ठेवायची आहेत आणि मी तुला पत्र लिहीत बसलेय.


१४ मे

ठमे,

मागचं पत्र तसंच अर्धवट राहिलं होतं. दोन्ही एकाच पाकिटात घालते. ओळीवर ओळ चढली असेल तर सांभाळून घे. आता लपवण्यात काही अर्थ नाही, मी अंदाजाने लिहितेय.

बाबा जिवंत आहेत. मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहेत आणि मी त्यांच्या कॉटशेजारच्या स्टुलावर आहे. त्यांची नाडी बोटांना लागली तेव्हा दोन ठोक्यांच्या मध्ये मला तुझं नाव घ्यायला वेळ मिळाला, इतकी मंद होती. शेजारच्यांनी गाडी काढली. बाबांना इथे आणलं, काय पोटात गेलं असेल ते इथल्या डॉक्टरांना सांगितलं, आणि तशीच केंद्रात गेले. सिस्टरला म्हटलं, हृदयाच्या फळीवरचा डबा घे आणि लघवीच्या फळीवरचा घे, आणि नावं वाच.

तिने पहिला डबा वाचला. मग दुसरा वाचला. मग दोन्ही परत वाचले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी अदलाबदल केली होती, ठमे. खंडानंतरच्या सकाळी, माझ्या हातांनी. ज्यांना पाण्याची गोळी हवी त्यांना मी महिनाभर हृदयाची दिली, रोज दोन. ज्यांना हृदयाची हवी त्यांना पाणी काढायची दिली. ती पोरगी वाचून दाखवते म्हणाली होती.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. डोळ्यांचा तक्ता पाठ होता तेही सांगितलं. त्यांनी लगेच सगळ्यांना कामाला लावलं, घरोघर माणसं गेली, पाकिटं परत घेतली. चक्कर आलेल्या आजी याच हॉस्पिटलमध्ये आहेत, बायकांच्या वॉर्डात. मी गेले होते. त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, औषधवाल्या बाई बघायला आल्या, केवढी माया. मला तिथे उभं राहवेना. एक विणकाम करणारी बाई मात्र सापडत नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन भावाकडे गेली, कुठल्या गावाला ते शेजाऱ्यांना माहीत नाही. रोज दोन घेत असेल. मी सांगितलंय म्हणून न चुकता घेत असेल.

उद्या चौकशीची माणसं येणार आहेत. काय व्हायचं ते होईल. कंडक्टरांच्या बायकोला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते मी सांगणार आहे, मी डॉक्टरांकडून तसं कबूल करून घेतलंय. कसं सांगायचं ते मला कळत नाही.

बाबांचे पुढचे दोन-तीन दिवस काळजीचे आहेत. तू बरोबर होतीस. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं, पण तोवर कागदावर सांगते. ये. माझ्यासाठी नको येऊस. त्यांच्या गोळ्या काढायला घरात माणूस नाही.

आई


ठमाबाई,

तुझी आई पाकीट आणि तिकीट आणायला खाली गेली आहे. पानाच्या तळाशी जागा उरली आहे तिथे मी लिहितोय, घड्याळाच्या आत नंबर कोरतात तितकं बारीक. तिला हे दिसणार नाही.

पाण्याच्या गोळीला मधोमध एक रेघ असते, मोडायला सोपी जावी म्हणून. नव्या गोळीला ती नव्हती. मला पहिल्या दिवशीच दिसलं. दोन दिवसांनी चकराही थांबल्या, तेव्हा ही ती गोळी नव्हे हे मी समजलो. एकदा विचारलं. ती ओरडली ते मला ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ थरथरत होते ते दिसलं. तू डबी काढून घेतलीस त्या दिवशीही असेच थरथरत होते. त्यानंतर वर्षभर ती या घरात नुसती भिंतीला धरून फिरत होती, हे तुला माहीत नाही. नोकरी लागली आणि सकाळी पदर खोचून बाहेर पडायला लागली. मला वाटलं, माझ्या एकट्याच्या पोटात जातंय, जाऊ दे. असे किती दिवस जातील, थोडेच तर राहिलेत.

त्या डब्यातून आणखी कुणाला गोळ्या जात असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या कंडक्टरला मी ओळखत होतो. त्याचं घड्याळ दोनदा दुरुस्त केलं होतं.

मी त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तो आज रांगेत असता. तुझी आई सगळं स्वतःच्या माथी घेऊन बसली आहे आणि मी तिच्यासमोर पडून आहे, गप्प. तिला सांगायचं धाडस मला होत नाही. सांगितलं तरी ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही. उद्या चौकशीवाले आले की त्यांना लिहून देईन, हात चालला तर. नाही चालला तर हा कागद तुझ्याकडे आहे. तो तिला कधी वाचून दाखवायचा ते तू ठरव, पण दाखव.

ती आली. दाराशी उभी राहून काहीतरी विचारते आहे. काय लिहिताय, असंच असेल. तुझा पत्ता लिहितोय असं सांगतो.

बाबा